तिसरा टॉम

"ताई, मिस्त्री कुठायत?"

मी लेथ बंद केला, चिंधीला हात पुसले आणि म्हणाले, "समोर उभ्या आहेत. बोला."

तो असा गोंधळला की हातातला ड्रम सुटता सुटता राहिला. जानेवारीतला रविवार, आभाळ सकाळपासून गच्च, आणि लातूरच्या एमआयडीसीत आमच्या शेडशिवाय काहीच उघडं नव्हतं. आम्ही डाळ मिलच्या मशिनचे पार्ट करतो. म्हणजे माझे वडील, अप्पा, करायचे. मागच्या वर्षी लेथमध्ये त्यांची दोन बोटं गेली, तेव्हापासून मी करते. अप्पा खुर्चीत बसून असतात.

त्याचं नाव अनिमेष. नांदेडच्या एका मास्तरांचा मुलगा, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवणारा. लातुरात कार्यक्रमाला आला आणि टॉमचा क्लॅम्प ढिला झाला. टॉम म्हणजे ड्रमसेटमधले ते मधले ड्रम. स्टँडचा दांडा त्याच्या पोटात खुपसून नट आवळलेला.

"अजून एक होल मारून द्या, घट्ट बसेल," तो म्हणाला. "एक तारखेला चेन्नईत हजर व्हायचंय, हॉटेलच्या बँडमध्ये. ड्रम आपलेच न्यायचे. असा दबका आवाज ऐकला तर दुसऱ्या दिवशी घरी पाठवतील... चार वेळा ड्रमचे पडदे बदलले, चावी फिरवून फिरवून हात दुखले. सूर लागतच नाही."

मी टॉम स्टँडवरून काढला, वरच्या कड्याला दोन बोटांनी धरला आणि टिचकी मारली. धूंऽऽ... आवाज बराच वेळ राहिला. पुन्हा स्टँडवर आवळून मारली. ठप्प.

"कसा लागणार? तुम्ही त्याचा गळा आवळून राहिले," मी म्हणाले. "मिलची चाळणी थेट लोखंडाला आवळली तर थरथरत न्हाई. म्हणून रबरावर टांगतात. ह्यालाबी टांगावं लागंल. होल मी मारणार न्हाई."

मी लोखंडी पट्टीचं अर्धं कडं वळवलं. टॉमच्या काठाच्या चार बोल्टांना रबरी वायसर घालून ते अडकवलं आणि स्टँडचा दांडा त्या कड्याला जोडला, म्हणजे ड्रमच्या अंगाला लोखंड कुठेच लागेना. आता आवाज रेंगाळायला लागला आणि वरचा पडदा खालच्यापेक्षा उतरलेला आहे हे त्याला पहिल्यांदा ऐकू आलं. आधी आवाज लगेच मरायचा, तर बिचारा ऐकणार काय? त्याने चावी जराशी फिरवली. सूर लागला. त्या क्षणी तो माझ्याकडे बघून हसला, आणि माझी पंचाईत झाली.

"अजून दोन टॉम आहेत... पुढच्या रविवारी आणू?"

"नांदेडात लेथ न्हाईत का?"

"आहेत. पण तिथले मिस्त्री मिशीवाले आहेत."

अप्पा खुर्चीत जोरात खाकरले.

पुढच्या रविवारी तो नांदेडहून एसटीने आला. एकच टॉम घेऊन. दोन्ही का नाही आणले, हे मी विचारलं नाही. अर्ध्या तासाचं काम मीही तीन तास पुरवलं.

"केसांत भुस्सा आहे तुझ्या..." त्याने हात पुढे केला आणि मधेच थांबवला.

"राहू दे. तुरीचा हाय, मिलच्या मशिनींतला. रोजचाच."

"तुम्ही" कधी गळून पडलं, कळलं नाही. मग तो चेन्नईच्या समुद्राबद्दल बोलत बसला. मी हसत ऐकत होते. पण हा माणूस जाणार होता, आणि त्याला जायला लायक मीच करत होते.

पंचवीस तारखेला तो तिसरा टॉम घेऊन आला. बाहेर बारीक पाऊस, शेडमध्ये भर दुपारी लाईट लावलेला. मी तीन वायसर घातले. चौथा मुठीतच ठेवला. टिचकी मारली... ठप्प.

"अक्षरा, कुठंतरी लोखंड लागून राहिलंय बघ," अप्पा म्हणाले.

मी मान वर केली नाही. अनिमेष माझ्या मुठीकडे बघत होता. त्याला सगळं दिसलं होतं.

"राहू द्या अप्पा," तो हळूच म्हणाला. "पुढच्या रविवारी बघू."

पुढच्या रविवारी एक तारीख होती!

मला स्वतःचीच लाज वाटली. मी चौथा वायसर घातला, बोल्ट बसवला, टॉम त्याच्या हातात दिला. त्याने टिचकी मारली, टॉम घुमला. तिन्हींतला सगळ्यात मोठा, सगळ्यात खोल आवाज.

"चल माझ्यासोबत," तो म्हणाला.

मी अप्पांच्या हाताकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं.

"मग मला थांब म्हण. एकदा म्हण, अक्षरा... थांबतो."

"आवडतोस तू मला. लई आवडतोस," मी म्हणाले. "पण थांब न्हाई म्हणणार. इथं लग्नाचा सीझन संपला की घरी बसशील, आणि एक दिवस माझ्याकडं रागानं बघशील. ते मला सोसायचं न्हाई."

त्याने माझा ग्रीसने माखलेला हात दोन्ही हातांत धरला. मग रिक्षात बसला, टॉम मांडीवर घेऊन.

आमच्या शेडपासून वळणापर्यंत पाच मोठे खड्डे आहेत. प्रत्येक खड्ड्यात टॉम रिक्षाच्या दांड्यावर आदळत होता आणि घुमत होता. पाचही वेळा मला स्वच्छ ऐकू आला. पुढे डांबरी रस्ता लागतो. मग काहीच ऐकू आलं नाही, आणि मी दारातच बसून मोठ्याने रडले.