जिवंत बहिणीचं पुष्पचक्र

“अजून एक पान कोरडं आहे, रोझाल्या!”

आईचा आवाज चढला नव्हता, तरी रोझाल्याच्या हातून कात्री खाली पडली. मोतीबिंदूनं आईची नजर केव्हाच गेली होती, पण तिच्या बोटांना जणू डोळे फुटले होते. कागदाच्या एकेका पानावरून, शेवंतीच्या एकेका पाकळीवरून ती बोटं सावकाश फिरली आणि तळाशी दडवलेल्या त्या एकुलत्या पानावर येऊन थांबली.

“राहिलं असेल चुकून,” रोझाल्या पुटपुटली.

“दरवर्षी चुकून? बुडव ते मेणात. माझ्यासमोर बुडव!”

सान नदीकाठच्या त्या गावात शरद सरत आला की घरोघर हेच काम चाले. ओल्या काड्या वाकवून कडं करायचं, क्रेप कागदाची तांबडी-पिवळी पानं कातरायची, शेवंत्या वळायच्या आणि पावसानं लगदा होऊ नये म्हणून सगळं वितळलेल्या मेणातून काढायचं. मृतांच्या दिवशी ती पुष्पचक्रं स्मशानात जात. रोझाल्याला दोन करावी लागत. एक वडिलांसाठी. आणि दुसरं... दुसरं धाकट्या तेक्लासाठी, जी क्राकोव्ह शहरात नवऱ्यासोबत धडधाकट जगत होती!

तेक्लाच्या त्या नवऱ्याचं, यूलेकचं, लग्न खरं तर रोझाल्याशी ठरलं होतं. पण त्याची नजर तेक्लाला शोधते आणि तेक्ला त्याच्यासमोर मान वर करत नाही, हे थोरलीच्या लक्षात आलं. काळजावर धोंडा ठेवून तिनंच एका पहाटे दोघांना गाडीत बसवून दिलं. आईला वाटलं, धाकटीनं थोरलीच्या ताटातलं ओढून नेलं! “ती माझ्या लेखी मेली,” असं म्हणून आईनं वडिलांच्या कबरीशेजारी रिकाम्या जागेवर तेक्लाच्या नावाचा क्रूस रोवला. खरं सांगितलं तर आई आपल्यालाही तोडेल, मग या आंधळ्या म्हातारीला कोण बघणार, या भयानं रोझाल्या गप्प राहिली. तेव्हापासून ती गप्पच होती.

गावात म्हणत, जिवंत माणसाच्या नावाचं पुष्पचक्र पुरं मेणात बुडालं की ते त्याचा श्वास ओढून घेतं. म्हणून रोझाल्या दरवर्षी एक पान कोरडं ठेवी. पहिल्या पावसात ते गळून पडे, चक्र अपुरं राही, आणि तिच्या जिवात जीव येई.

यंदा आई समोर बसली होती. रोझाल्यानं चिमट्यानं ते पान मेणात सोडलं. मेणातून एक बुडबुडा वर आला आणि फुटला... अगदी कुणी उसासा टाकावा तसा! तिला भडभडून आलं. देवा, हे माझ्या हातून काय झालं!

बाहेर अंधारून आलं. मृतांच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी कुणी दाराला कडी घालत नाही, कारण घरचे गेलेले लोक येऊन जातात म्हणे. टेबलावर त्यांच्यासाठी पाव ठेवला होता. वारा पडला होता, तरीही खिडकीतल्या मेणबत्तीची ज्योत हळूहळू दाराकडे झुकली आणि तशीच राहिली. दार आवाज न करता उघडलं.

उंबऱ्यात तेक्ला उभी होती.

ओठ निळे, केसांतून पाणी निथळतंय, चेहरा मेणासारखा पांढरा, बूट चिंब. रोझाल्यानं मेणाच्या भांड्याकडे पाहिलं. आत्ताच तर ते पान बुडवलं होतं, आत्ताच! म्हणजे तिचा श्वास मीच ओढून घेतला?

“तेक्ला आली वाटतं,” आई शांतपणे म्हणाली. “यंदा सगळी पानं बुडाली ना, म्हणून आलीस. ये.”

आईनं शेजारच्या स्टुलावर फुंकर मारली. आधीच कुणी आत्मा येऊन बसला असेल, तर त्यानं उठावं म्हणून तिथे अशीच फुंकर मारतात. “बस.”

तेक्ला बसली. रोझाल्या सरपटल्यासारखी पुढे झाली आणि तिनं बहिणीचं मनगट धरलं. बर्फ! तरी ती सोडेना, चाचपत राहिली... आणि अंगठ्याखाली काहीतरी टुकटुकलं. नाडी! जिवंत होती तिची तेक्ला!

“ताई,” तेक्ला तिच्या कानाशी कुजबुजली, “गेल्या साली स्मशानात चोरून आले होते गं. क्रुसावर माझं नाव वाचलं. वर्षभर झोप लागली नाही. मी मेले नाही, एवढंच सांगायला पावसात चालत आले.”

रोझाल्यानं तिच्या तोंडावर हात ठेवला, कारण आई बोलू लागली होती.

“पोरी, मी फार कठोर झाले. तुझी वेणी घालायची सवय हातांना होती, ते हात रात्री उशीवर फिरायचे. पण तोंडानं नाव घेतलं नाही. आता तू गेलीस, आता कसला राग? मी तुला माफ केलं.”

तेक्लाचे खांदे गदगदू लागले. हीच क्षमा तिला हवी होती, आणि ती मिळाली होती तिच्या प्रेताला! रोझाल्याला वाटलं, गप्प राहावं. खरं कळलं तर आईचं दार पुन्हा मिटेल.

इतक्यात आईनं पुष्पचक्र उचललं आणि पुढे केलं. “घे, तुझं आहे. आता सुखानं जा. परत येऊ नकोस.”

“जाते, आई,” तेक्ला म्हणाली आणि तिनं दोन्ही हात पसरले.

“नको!” रोझाल्या किंचाळली. तिनं पुष्पचक्र हिसकावलं आणि भिंतीवर भिरकावलं. “हात लावू नकोस त्याला! आई, ती जिवंत आहे! तिनं काही ओढून नेलं नाही. मी दिलं, मी! माझ्या हातांनी तिला गाडीत बसवलं. तोडायचं तर मला तोड, पण यापुढे माझ्या बहिणीचं मरण मी कातरणार नाही!”

रोझाल्या गुडघ्यांत डोकं घालून वाट पाहत राहिली.

“बोललीस बाई एकदाची!” आई म्हणाली, आणि तिच्या विझल्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. “ही जिवंत आहे ते मला उंबऱ्यातच कळलं. पाऊल ओळखीचं होतं, आणि आत्म्याच्या बुटांत पाणी वाजत नाही.”

“मग... मग हे सगळं कशाला?”

“मेलेल्याला काय, कुणीही माफ करतं गं! जिच्या ताटातलं गेलं ती तोंडातून चकार शब्द काढत नाही, तर जितीला मी कुठल्या तोंडानं माफ करू? तुला दुःख देणारीला जवळ घेतलं असतं, तर तुझी मी कोण उरले असते? दरवर्षी तुझ्यापुढे कागद टाकायचे. ते कोरडं पान हाताला लागायचं. वाटायचं, आज तरी ही पोर सगळं माझ्या तोंडावर फेकेल. तू मात्र खाली मान घालून पाकळ्या वळत बसायचीस. म्हणून आज ते चक्र हिच्या हातात देऊ केलं. मीही हट्टी. चुकलेच मी, दोघींच्या बाबतीत चुकले.”

तिनं अंधारात हात पसरले. तेक्ला हुंदका देत तिच्या कुशीत शिरली. म्हातारीनं तिचे निळे पडलेले हात आपल्या तळव्यांत धरून चोळायला सुरुवात केली.

“केवढी गारठलीस गं... रोझाल्या, रडणं आवर आणि बीटचं सार गरम कर. मेलेल्यांना गार चालतं, हिला नाही चालायचं.”