चित्रपट कसा वाटला?

ज्या वर्षी मयुरेश तांडेलच्या धाकट्या मुलीचं, जुईलीचं, लग्न ठरलं, त्या वर्षी, म्हणजे २०६८ साली, दिवाळी उलटल्यावर पंधरा दिवसांनी त्याला मेंदूतपासणी केंद्रातून बोलावणं आलं. बायकोला सोबत आणा, असंही त्यात लिहिलं होतं. ऋतुजाने ते दोनदा वाचलं आणि कपाटातून मोतिया रंगाची साडी काढली.

केंद्र कासारखाडीच्या टेकडीवर होतं. तपासणीच्या खोलीतून खाडीच्या तोंडावरचा भरतीबांध सरळ दिसायचा. समुद्र वर चढल्यापासून काठची अकरा गावं त्या बांधाच्या भरवशावर उभी होती. भरतीला दरवाजे लावायचे, ओहोटीला उघडायचे. भरती आणि डोंगरातला पूर एकाच वेळी आले, तर कुणाला वाट द्यायची ते ठरवायचं. यंत्र आकडे दाखवी, पण ठरवायला माणूस लागे. एकोणीस वर्षं तो माणूस मयुरेश होता.

खोलीत बांधाचे अभियंते केळसकर आधीच येऊन बसले होते, आणि तापलेले होते.

"डॉक्टर, माझा सगळ्यात भरवशाचा माणूस तुम्ही काढून घेताय. कशावरून, तर त्याला सिनेमा कसा वाटला यावरून! उद्या म्हणाल, याला भेंडीची भाजी आवडत नाही, घरी पाठवा."

डॉक्टर शर्वरी बोरकर हसल्या नाहीत. "केळसकर साहेब, या आजाराला आम्ही मतक्षय म्हणतो. यात आठवण जात नाही, हातपाय चालतात, हिशेबही चुकत नाही. मेंदूत एक भाग आहे, तोलकेंद्र. समोर आलेल्यातलं मोठं काय आणि लहान काय, ते तो ठरवतो. तो झिजायला लागला की माणसाला सगळं सारख्याच वजनाचं दिसतं. आणि त्याला स्वतःला काही बिघडल्यासारखं वाटत नाही."

"मग कामाचं विचारा ना त्याला! आधी दरवाजा की आधी भोंगा?"

"ते पाठ असतं. कामाचं विचारलं की माणूस सावध होतो, घरचं विचारलं की त्याहून सावध. पण काल पाहिलेल्या चित्रपटाबद्दल कुणी जपून बोलत नाही. मत चुकलं तरी काय जातंय? म्हणून तो मोकळा बोलतो. आणि चित्रपट नवा असतो, त्यामुळे जुनं मत काढून देता येत नाही. बांधावर ठरवणाऱ्या माणसांच्या घरी दर चार महिन्यांनी आम्ही चित्रपट पाठवतो. संध्याकाळी पाहायचा, दुसऱ्या दिवशी इथे येऊन दहा मिनिटं गप्पा मारायच्या. कशाला किती वजन दिलं, एवढंच आमचं तोलयंत्र मोजतं."

"मेंदूचा फोटो काढा की."

"फोटोत दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो."

मग त्यांनी मयुरेशचं सहा वर्षांपूर्वीचं बोलणं लावलं. "म्हातारी दार उघडत नाही ना, तिथे माझा श्वास अडकला. पोरगा बाहेर भिजतोय, आणि ही आत भाकऱ्या थापतेय! गाणी नसती तरी चाललं असतं."

नंतर आठवड्यापूर्वीचं लावलं. आवाज तोच होता. "चित्रपट चांगला होता. कप्तान सख्ख्या भावाला जळत्या जहाजावर सोडून जातो, ते चांगलं दाखवलंय. कप्तानाच्या खोलीतले पडदे हिरवे होते. पडदे जरा आखूड होते. मग त्याची आई वेडी होते. आखूड पडद्यांमुळे खोली उघडी वाटत होती."

केळसकरांनी मान खाली घातली. ऋतुजाच्या मनात आलं, पडदे खरंच आखूड होते. यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे, ते तिला कळेना.

"मागच्या तिन्ही गप्पा अशाच आहेत," डॉक्टर मयुरेशकडे वळून म्हणाल्या. "काका, दोन वाटा आहेत. एक, बांधावरून उतरा, चार महिने थांबा, आणखी एक चित्रपट पाहा, मग ठरवू. दुसरी, लगेच पेशीरोपण. कवटीतून सुई घालून तोलकेंद्रात नव्या पेशी सोडायच्या. जितकं लवकर, तितका गुण. पण बारांत एक माणूस त्यात दगावतो. काहीच केलं नाही, तर हा आजार दोन वर्षांत जीव घेतो. घरी जाऊन बोला. सही दोघांची लागेल."

टेकडी उतरून धक्क्यावर होडीची वाट बघत बसल्यावर ऋतुजा म्हणाली, "गेल्या आठवड्यात काय बोलून आलास रे तिथे?"

"तू सांगितलंस तेच."

"मी असं सांगितलं नव्हतं."

"शब्दाला शब्द, ऋतू. पोहे खाताना तू बोललीस, मी तिथे जाऊन ओतलं."

गोष्ट अशी होती की लग्नानंतर मयुरेशने एकही चित्रपट मध्यंतरापर्यंत पाहिला नव्हता. पडदा उजळला की दहा मिनिटांत तो घोरायला लागे. मुली त्याच्या नाकात कागदाची सुरळी घालत, तरी तो उठत नसे. ही चाचणी सुरू झाली तेव्हा त्याने चिमटे काढून घेतले, डोळ्यांना पाणी लावलं, पण जमलं नाही. मग सकाळी न्याहारीला ऋतुजा त्याला चित्रपट सांगू लागली. ती सांगायची फार सुरेख. कुठे रडू आलं, कुठे कंटाळा आला, कोण नट उगाच ओरडला, सगळं. तो ते उचलायचा आणि केंद्रात जाऊन बोलायचा. नऊ वर्षं आणि सत्तावीस चित्रपट असंच चाललं. दोघांनाही त्यात लबाडी वाटली नव्हती. तपासणी मेंदूची होती आणि बोलणारं तोंड मयुरेशचं होतं.

"हे बघ," ऋतुजा म्हणाली. "सांगणारी मी, नऊ वर्षं मीच. तेव्हा पास होत होतास. आता नापास झालास. मग बिघडलंय कुठे? तुझ्यातच ना? मी नीट सांगते, तू तिथे जाऊन कालवतोस."

मयुरेशने विचार केला. त्याला ते पटलं. चित्रपटांचंच कशाला, घर कुठे बांधायचं, थोरलीला कुठे द्यायची, बांधावर कुणाशी वाकडं घ्यायचं नाही, यातलं काहीही त्याने तिच्या मतावाचून ठरवलं नव्हतं, आणि तिचं मत कधी चुकलंही नव्हतं.

"डॉक्टरीणबाईंना सांगून टाकू का, मी झोपतो म्हणून?"

"सांग. नऊ वर्षं फसवलं म्हणून पोलीस येतील. जुईलीच्या सासरचे बघायला येतील."

तो हसला. मग पाण्याकडे बघत म्हणाला, "चार महिने थांबू या, ऋतू. मला काही होत नाहीये गं. पुढचा चित्रपट मी स्वतः पाहतो. उभा राहून पाहतो, मग तर झालं?"

"घोडाही उभ्यानेच झोपतो."

"बारांत एक मरतो, म्हणाल्या त्या."

"हो, आणि जखम भरायला सहा आठवडे लागतात. लग्न फेब्रुवारीत आहे. आता करून घेतलंस तर फोटोत डोकं नीट दिसेल. चार महिने थांबलास तर सगळं मार्चवर जाईल, मग उकाडा सुरू होतो. उकाड्यात पट्टी बांधून बसवत नाही."

मयुरेश तिच्याकडे बघत राहिला. होडी धक्क्याला लागली, माणसं उतरली.

"तुला असं वाटतं?"

"मला असंच वाटतं."

"मग ठीक," तो म्हणाला, आणि त्याने हात देऊन तिला होडीत घेतलं.

रोपण डिसेंबरात झालं. मयुरेश शुद्धीवर आला नाही. सुई काढल्यावर तिसऱ्या तासाला मेंदूत रक्त साकळलं आणि तो गेला. जुईलीचं लग्न पुढे ढकललं.

महिन्याभराने डॉक्टर शर्वरी स्वतः घरी आल्या. जुईलीने चहा दिला. डॉक्टरांनी कप हातात धरला, प्यायला नाही.

"काकू, शवविच्छेदनाचा अहवाल आलाय. त्यांच्या तोलकेंद्रात झीज नव्हती. अजिबात नव्हती. तिशीतल्या माणसाचं असावं तसं होतं. आमचं यंत्र असं आजवर चुकलेलं नाही. मला कळत नाहीये, तीन चित्रपट एवढं आजारी बोलणारा माणूस निरोगी कसा?"

"तो कुठे बोलायचा? मी सांगायचे," ऋतुजा म्हणाली. "तो झोपायचा. सकाळी मी सांगितलेलं तो तुम्हाला सांगायचा. या बश्या नव्या आहेत, जुईलीच्या मामीने दिल्या."

जुईली स्वयंपाकघराच्या दारात होती, तिथेच थांबली. डॉक्टरांनी कप खाली ठेवला.

"सगळे चित्रपट?"

"सगळे."

डॉक्टरांनी अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "एवढ्यात काही पाहिलंत का, काकू?"

"पाहिला ना, परवाच. बरा होता. एक लहान मुलगी विहिरीत पडते. विहिरीचा काठ छान बांधलाय, गोल दगडांचा. मुलगी सापडत नाही. बाप त्याच विहिरीत उडी घेतो. दगड मात्र सगळे एका मापाचे नव्हते, दोन मोठे होते."

"आई," जुईली म्हणाली.

डॉक्टर हळू आवाजात बोलू लागल्या. "यंत्र चुकलं नव्हतं. त्याने ज्याचं मत तोललं, तो माणूस आमच्यासमोर बसलाच नव्हता. आजार तुम्हाला आहे, काकू. तीन चित्रपटांपासून आहे. म्हणजे त्या दिवशी थांबायचं की सुई घ्यायची..." त्या थांबल्या. "ते कुणी ठरवलं?"

"मीच. तो थांबू म्हणत होता."

"मतक्षयाच्या रुग्णाची संमती कायद्याने धरत नाहीत, म्हणूनच काकांच्या सहीला तुमची जोड लागली. तुमची सही मी घ्यायलाच नको होती."

"सही चांगली आली होती माझी," ऋतुजा म्हणाली. "पेनही चांगलं होतं."

ती डॉक्टरांकडे बघत होती. या बाईच्या डोळ्यांना पाणी का आलंय आणि जुईली भिंतीला धरून खाली का बसतेय, ते तिला दिसत होतं. चहावर साय धरत चालली होती, तेही दिसत होतं.

मयुरेश तांडेल ११ डिसेंबर २०६८ रोजी दुपारी अठ्ठावन्नाव्या वर्षी वारला. त्याला कोणताही आजार नव्हता. जुईलीने आईचं रोपण करू दिलं नाही. ऋतुजा तांडेल ३ ऑगस्ट २०७० रोजी मतक्षयाने वारली.