सुपारीची पिल्लं

अफरीननं कुत्री निवडून ठेवली होती. तांबूस, थोराड, कानाला खाच पडलेली सुपारी. प्राण्यांच्या निवाऱ्यातून घरी न्यायच्या आधीची तपासणी तेवढी राहिली होती. तिथली पशुवैद्य डॉ. मृण्मयी आवटे हिनं सुपारीच्या पोटावरून हातातलं सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं, थबकली, पुन्हा फिरवलं आणि ओरडलीच, "नजमाताई, इकडे या! लवकर!"

पडद्यावर चिमुकली हृदयं धडधडत होती.

"अम्मी, हे काय?"

"पिल्लं," नजमा म्हणाली. तिचा स्वतःच्याच शब्दावर विश्वास बसेना.

अफरीनच्या जन्माआधीपासून कराडात कुणी कुत्र्याचं पिल्लू पाहिलं नव्हतं. विरामलस आली आणि निर्बीजीकरणाच्या शस्त्रक्रिया बंद झाल्या. एका टोचणीत प्राण्याची प्रजननशक्ती कायमची झोपी जायची. ती टोचल्याशिवाय एकही प्राणी दत्तक द्यायचा नाही, असा कायदाच झाला. रस्त्यावरच्या टोळ्या संपल्या, रेबीज गेला. निवाऱ्यात उरली फक्त वय झालेली कुत्री.

"हिला टोचलंय, इथल्या प्रत्येक नराला टोचलंय!" मृण्मयीचा आवाज चढला होता. "म्हणजे दोघांच्याही शरीरानं लस पचवून टाकली!"

"मग आता?"

मृण्मयीनं यंत्र खाली ठेवलं. "लस फसली तर गर्भ काढून पुन्हा टोचायचं, असा नियम आहे. गाभण मादी दत्तक देता येत नाही."

अफरीननं सुपारीच्या गळ्याला मिठी मारली.

लहानपणी शेजारचा मुलगा रेबीजनं गेलेला मृण्मयीनं पाहिला होता. या कायद्यासाठी ती स्वतः मोर्चात चालली होती. तरीही तिनं जिल्हा पशुअधिकाऱ्यांना फोन लावला. "साहेब, ही कुत्री मला अभ्यासासाठी हवी. पिल्लं होईपर्यंत."

"ठेवणार कुठे?"

तिनं नजमाकडे पाहिलं. नजमानं मान डोलावली. परवानगी मिळाली, पण दूध सुटताच पिल्लांना टोचायच्या अटीवर.

पिल्लं झाली त्या दिवशी नजमानं आपली बेकरी उघडलीच नाही. सगळी गल्ली दारात लोटली. पोरं विचारत होती, यांचे डोळे का मिटलेत? म्हातारी माणसं हसता हसता डोळे पुसत होती.

ठरल्याप्रमाणे पिल्लांना टोचलं. काही दिवसांनी मृण्मयी त्यांच्या रक्ताचा अहवाल घेऊन धावतच आली.

"लस यांना लागतच नाही! आईपेक्षाही झपाट्यानं मोडून काढली!" हसता हसता तिनं अहवाल मिटून ठेवला. "हे वरती कळलं की शस्त्रक्रियेचा हुकूम येणार."

"यांनाही कापलं, तर अफरीनच्या पोरांनी कुत्रं बघायचं कुठं?" नजमा म्हणाली.

"म्हणूनच उद्या साहेबांकडे जातेय. कायदा बदलायची शिफारस वर पाठवायला सांगते. तुम्हीही चला."

"येते की!"

"पण नजमाताई, यांची पिल्लं, त्या पिल्लांची पिल्लं पुन्हा रस्त्यावर आली तर जबाबदार कोण, असं त्यांनी विचारलं, तर आपण दोघींनी काय सांगायचं?"