अठरा वेळा ‘कधीच नाही’

“अहो... ओ! ती पिशवी माझी आहे!”

ग्रंथालयाच्या जिन्यावर तिने त्याला गाठलं तेव्हा तिला चांगलीच धाप लागली होती. तो थबकला. खांद्यावरच्या पिशवीकडे पाहून म्हणाला, “मग माझी कुठंय?”

“तुमच्या पाठीवर.”

तो असा काही दिलखुलास हसला, की रागवायचं ती विसरूनच गेली. तेव्हापासून तो तिचा भोवरा झाला आणि ती त्याची बाईसाहेब.

पुढे वर्षभर भोवऱ्याच्या विसरलेल्या किल्ल्या, वह्या, छत्र्या बाईसाहेबच गोळा करत फिरल्या. अभ्यास त्याला सगळा यायचा. पण पेपर मात्र निम्मा कोरा राहायचा. या खेपेला दोन विषय राहिले. आणखी एक राहिला, की वर्ष वाया. शेवटी सरांनीच त्याला कॉलेजच्या मानसतज्ज्ञ मॅडमकडे धाडलं. लक्ष एका जागी न ठरण्याचा हा त्रास, एडीएचडी, अहवालात सिद्ध झाला, तर परीक्षेत जादा वेळ मिळणार होता. मॅडमनी चाचण्या घेतल्या, आईकडून शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं मागवली आणि एक फॉर्म दिला. तो रोज सोबत असणाऱ्या माणसाने भरायचा होता.

त्याने तो तिला दिला. तिची कळी खुलली! अठरा प्रश्न. वस्तू हरवतो का? दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडतो का? छे, आपल्या माणसाची उणीदुणी परक्यासमोर काढायची का कुणी? तिने अठराही ठिकाणी ‘कधीच नाही’वर खूण केली.

व्हायचं तेच झालं. “आई सांगते एक, फॉर्म सांगतो दुसरंच,” मॅडम त्याला म्हणाल्या. “असा अहवाल कॉलेज मानणार नाही. रोज सोबत असणारं दुसरं कुणी बघ. शुक्रवार शेवटचा.”

गुरुवारी कँटीनच्या काचेतून तिला दिसलं... भोवरा आणि प्रयोगशाळेत रोज त्याच्या शेजारी असणारी ती चष्मेवाली, एकाच कागदावर दोन डोकी. चष्मेवाली काहीतरी म्हणाली आणि तो खो-खो हसला. तेच, जिन्यावरचं हसू! बाईसाहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला.

तो बाहेर येताच तिने त्याला अडवलं.

“झाली का गंमत?”

“तुझा फॉर्म चालला नाही, म्हणून दुसरा भरून घेतला. दहा मिनिटांत! सगळं खरं लिहिलंय तिने.”

“हो का? फारच ओळखते तुला! मग आता किल्ल्याही तिच्याकडूनच शोधून घे.”

“बाईसाहेब जळताहेत?”

“मी? माझा काय संबंध!” तिने ओढणीचं टोक बोटाभोवती इतकं गच्च गुंडाळलं, की बोट लाल झालं.

तो हसला नाही. “तुझ्या फॉर्ममधला मुलगा मलाही आवडला गं. नीटनेटका, शहाणा... पण तो मी नाही. तुला नक्की कोण आवडतो — तो, की मी?”

त्याच्या शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली होती. ती बटणं नीट लावायला तिची बोटं शिवशिवली... वर्षभर ती हेच तर करत आली होती. झाकत आली होती. आणि चष्मेवालीने जे होतं ते पाहिलं, लिहिलं आणि वर त्याला हसवलंही. हेच तिला जास्त झोंबलं.

“चल,” ती म्हणाली.

“कुठे?”

“मॅडमकडे.”

मॅडमच्या टेबलासमोर ती खाली मान घालून म्हणाली, “मी खोटं लिहिलं होतं. मला नवा फॉर्म द्या.”

मॅडमनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं आणि कागद पुढे केला. या वेळी ती प्रत्येक प्रश्नाशी थांबली. ‘नेहमी’, ‘नेहमी’, ‘बऱ्याचदा’... शेवटी रिकामी ओळ होती: आणखी काही सांगायचे आहे का? क्षणभर पेन अडखळलं. मग तिने लिहिलं आणि कागद आधी त्याच्यापुढे सरकवला.

‘मला हा असाच हवा आहे.’

त्याचे कान लालबुंद झाले. “अगं... हे मॅडम वाचतील!”

“वाचू देत. खरं तेच लिहायचंय ना?” मग आवाज बारीक करून तिने विचारलं, “तिच्या फॉर्ममध्ये नाही ना असलं काही?”

“नाही गं.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली आणि खाली झोकात सही ठोकली.