खंडेनवमीचं कुलूप

ते कुलूप आधी कुणाच्या हातात आलं, यावर आमचं कधीच एकमत झालं नाही.

देवासचा श्रावणातला बाजार. पाऊस नुकताच थांबला होता, ताडपत्र्यांवरून पाणी निथळत होतं. संस्थानं विलीन झाली तेव्हा देवासच्या थोरल्या-धाकट्या पातींच्या दोन्ही दरबारांच्या कोठ्यांतली अडगळ लिलावात निघाली, आणि तिच्यातलं उरलंसुरलं अजून भंगारवाल्यांकडे यायचं. घोड्यांच्या रिकिबी, फुटक्या हंड्या आणि किल्ली हरवलेली कुलपं. मी त्यातलं एक जड, पोटाशी गोल असलेलं कुलूप उचललं, आणि पलीकडून एका हातानं त्याची कडी धरली.

"हे मी घेतलंय," मी म्हटलं.

"तुम्ही धरलंय. घेतलंय कुठं अजून?"

मी वर पाहिलं. पांढरा सदरा, भिजलेले खांदे... आणि डोळ्यांखाली काळं. आठवडाभर झोप न झाल्यासारखं.

"याला किल्ली नाही," तो म्हणाला.

"म्हणूनच घेतेय. किल्लीशिवाय उघडायला शिकतेय."

त्यानं माझी छत्री पाहिली, काखेतल्या वह्या पाहिल्या. "चेहऱ्यावरून वाटत नाही."

"मी कन्याशाळेत विज्ञान शिकवते. शाळेच्या कपाटाची किल्ली विलीनीकरणात कुठं गेली ते कुणालाच ठाऊक नाही. आत सूक्ष्मदर्शक आहे म्हणतात. मुख्याध्यापिका कपाट फोडू देत नाहीत, सरकारी मालमत्ता आहे." मी कुलूप जरा माझ्याकडे ओढलं. "आणि तुम्हाला कशाला हवंय?"

"मी पण शिकतोय."

"काय, चोरी?"

कुणीही हसलं असतं. तो हसला नाही. "तसंच काहीतरी," म्हणाला, आणि कडी सोडून दिली.

त्याचं नाव मानाजी. कचेरीत टंकलेखक होता. शनिवारी शाळा सुटली की तो यायचा, आणि आम्ही विज्ञानाच्या खोलीत दार सताड उघडं ठेवून बसायचो. उंबरठ्यावर शाळेच्या जानकीबाई वाती वळत बसायच्या. आमच्यावर लक्ष ठेवायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्या ठेवायच्या.

पहिलं कुलूप मी करवतीनं कापलं. आत काय आहे ते पाहिल्याशिवाय माझं डोकं चालत नाही. आत पितळेच्या पातळ पट्ट्या होत्या, एकीवर एक. प्रत्येकीला एक खाच. किल्ली फिरली की सगळ्या पट्ट्या आपापल्या उंचीला उचलल्या जातात, खाचा एका रेषेत येतात, आणि मगच खीळ सरकते. किल्लीचं काम दोन तारांनी करायचं. एकीनं खिळीवर हलका दाब धरायचा, दुसरीनं पट्ट्या चाचपत उचलायच्या. दाबाची तार आम्ही सायकलच्या चाकातल्या आरीची केली, उचलायची छत्रीच्या काडीची.

"छत्री चांगली होती तुमची," मानाजी म्हणाला.

"होती. आता भिजत जाते घरी."

पुढच्या शनिवारी त्यानं नवी छत्री आणून कोपऱ्यात ठेवली. जाताना मी ती घेऊन गेले.

आम्हाला काहीच जमत नव्हतं. तो दाब फार देई, मी पट्ट्या फार वर उचली. जानकीबाई विचारायच्या, "काय भिया, आज बी नी खुल्यो?" आणि मानाजी मान हलवायचा.

"जोर कमी करा," मी त्याला सांगे. "जितका दाब, तितकं घर्षण. पट्टी हललेली बोटांना कळायला हवी."

"कमी म्हणजे किती?"

कसं सांगणार... मी त्याच्या बोटावर माझं बोट ठेवलं आणि हवा तेवढाच दाब दिला.

"थंड आहेत तुमची बोटं," तो म्हणाला.

"तुम्ही कुलपाकडे लक्ष द्या."

"तिकडेच आहे."

कान तापले माझे. त्याच वेळी आत काहीतरी टक् झालं, आणि कुलूप त्याच्या मांडीवर उघडं पडलं. जानकीबाईंनी वात खाली ठेवली.

भाद्रपदात कपाट उघडलं. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर बुरशी होती, तरी मी त्यातून कांद्याचा पापुद्रा पाहिला आणि त्यालाही दाखवला. माझं काम संपलं होतं. तो मात्र येत राहिला. आता तो डोळे मिटून, आवाज होऊ न देता सराव करायचा, आणि तोही एकाच जातीच्या कुलपावर, त्या पोट गोल असलेल्या. दुसरं कुठलंही दिलं तरी तो बाजूला ठेवायचा.

माझ्यासाठी येतो असं मला वाटून घ्यायचं होतं. पण जे दिसतं ते मला नाकारता येत नाही.

"कुठलं दार आहे?" मी एकदा विचारलं.

त्यानं तारा खाली ठेवल्या. जानकीबाई पाणी भरायला गेल्या होत्या. बाहेर बारीक पाऊस लागला होता.

"माझी बहीण आहे," तो म्हणाला. "मालन."

मालनला झटके यायचे. लहानपणापासून. आईवडील गेल्यावर दोघांना काकांनी वाढवलं. काका म्हणजे बळवंतराव. थोरल्या पातीच्या फौजेत होते. त्यांना तीन मुली उजवायच्या होत्या, आणि घरात फेफरं आहे हे कळलं की पाहुणे चहा न घेता उठत. म्हणून मालन मागच्या खोलीत. सकाळ-संध्याकाळ काका स्वतः कुलूप काढत, एरवी किल्ली त्यांच्या करगोट्याला.

"फोडलं नाही कधी?"

"फोडलं. एकदा. तिला घेऊन निघालो तर वेशीवर पकडलं. मग काकांनी तिला बागली गावच्या एका भगताकडं पाठवलं. त्यानं डाग दिले. कपाळावर, पोटरीवर." तो तारेकडे पाहत बोलत होता. "आता आवाज न करता न्यायची आहे. दसऱ्याला सगळे पुरुष सीमोल्लंघनाला जातात. तेवढ्यात उघडायचं, बाहेरून पुन्हा लावायचं, आणि इंदूर. तिथं डॉक्टर आहेत. गोळ्या असतात म्हणे."

"असतात. मी वाचलंय," मी म्हटलं. मग म्हटलं, "मी येईन."

"तुम्ही कशाला?"

"दाब धरायला."

तो माझ्याकडे पाहत राहिला... इतका वेळ की मी फळा पुसायला उठले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला दुपारी, मानाजी सायकल टाकून आमच्या ओसरीवर आला. आमच्या घरातलं कुणी त्यांच्याकडे पाणी प्यायलं नव्हतं, की ते आमच्याकडे. तात्या, माझे वडील, झोपाळ्यावर होते.

"मालनला सकाळपासून झटके येताहेत," तो म्हणाला. "एकामागून एक. आणि किल्ली पूजेत आहे."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. बळवंतरावांकडे नवमीला घरातलं सगळं लोखंड पाटावर मांडत. तलवार, पहार, कुऱ्हाड, हातोडा, विळी, आणि किल्ल्यांचा जुडगा. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. दरवर्षी पूजेआधी मालनला बाहेर आणत. या वर्षी सकाळी मुलगी बघायला पाहुणे आले, म्हणून तिला आतच ठेवलं. ते गेल्यावर गडबडीत पूजा झाली.

"पहार उचलायला गेलो तर दोघांनी धरलं मला. शेजारी कुणी हातोडा देईना, त्यांच्याही पूजा झाल्यात. दगडानं ठोकून पाहिलं, दार हलत नाही. आपल्या तारा तेवढ्या पूजेत नाहीत."

तात्यांनी झोपाळा थांबवला. मी काय सांगावं याची जुळवाजुळव करत होते. ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "जा तू. मी टांगा पाठवतो तिकडे."

बळवंतराव मागच्या खोलीच्या दारातच उभे होते. मला वाटलं होतं ते अडवतील. ते बाजूला झाले. धिप्पाड माणूस.

"काका, अजून वेळ आहे, उचला ती किल्ली," मानाजी म्हणाला.

"तुझ्या बापानं उचलली होती तलवार. पूजेतली. म्हणाला, काय होतंय. संक्रांत पाहिली नाही त्यानं." त्यांनी देवघराकडे बोट केलं. "आणखी एक मरू देऊ का या घरात? तुम्ही उघडा. मी नाही म्हणत नाही. पाटावरच्या लोखंडाला हात लावू नका तेवढं."

कुलूप आमच्याच जातीचं होतं. मी आरीची तार घातली, दाब धरला. मानाजीनं दुसरी घातली.

"कोण आहे?" आतून आवाज आला. जाड, जीभ चावलेल्या माणसाचा.

"मी आहे, मालन. आणि शाळेतल्या विनोदिनीबाई."

"थंड बोटांच्या?"

मानाजीनं मान खाली घातली.

"त्याच," मी म्हटलं.

"रोज सांगतो तो. दारापलीकडून. मला पाठ झालात तुम्ही." ती दम खात बोलत होती. "छत्री आवडली का? मीच सांगितलं होतं, काळी घे, रंगीत घेतलीस तर घाबरतील."

"आवडली."

"आणि तो?"

काका ऐकत होते. काकूही आल्या होत्या, दाराआड त्यांच्या मुली होत्या. मानाजीची तार थांबली.

"तोही," मी म्हटलं. "तुम्ही हात चालवा."

आत ती हसली असावी. नक्की सांगता येत नाही, कारण लगेच काहीतरी फरशीवर आपटलं, आणि मग टाचा घासल्याचा आवाज येऊ लागला.

पट्ट्या हलत नव्हत्या. एकही. मी दाब कमी केला, आणखी कमी केला. तार बाहेर काढली तर टोकाला तांबडा चिकट गोळा. वर्षानुवर्षं दर नवमीला कुलपालाही तेल आणि हळदकुंकू लागत आलं होतं, आणि ते आत जाऊन लाखेसारखं बसलं होतं. आम्ही सराव केला तो बाजारातल्या, घासून पुसलेल्या कुलपांवर.

"घासलेट," मी म्हटलं. काकूंनी कंदील आणून माझ्यासमोर उपडा केला. आम्ही कुलपात घासलेट सोडलं, तारेनं खरवडलं, पुन्हा सोडलं. माझ्या मनगटावरून लाल पाणी ओघळत होतं. टाचांचा आवाज थांबे, परत सुरू होई.

"मालन, बोल," मानाजी म्हणत होता. "काहीही बोल. शिव्या दे."

ती बोलली नाही. पहिली पट्टी हलली. दुसरी. मग मी हात बदलला आणि सगळ्या परत खाली पडल्या. आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली.

कुलूप उघडलं तेव्हा उन्हं भिंतीवर चढली होती. मालन दारालाच टेकून पडली होती. दार ढकललं तसं तिचं अंग सरकलं. माझ्याच वयाची. कपाळावर रुपयाएवढा डाग. अंग तापलेलं, श्वास होता.

टांग्यात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. सरकारी डॉक्टर सुट्टीवर होते, इंदूरशिवाय इलाज नव्हता. वाटेत तिच्या तोंडचा फेस थांबला, तेव्हा मला वाटलं झटका उतरला. मी नाडी पाहिली. मग दुसऱ्या हाताची पाहिली. मग मानाजीकडे पाहणं मला जमलं नाही.

घोडा धावतच होता. क्षिप्रेच्या पुलाअलीकडे मानाजीच टांगेवाल्याला म्हणाला, "भिया, वळवून घे."

त्यानंतर तो शनिवारी आला नाही. कार्तिक अर्धा सरल्यावर जानकीबाईंनी सांगितलं, भियाची धारला बदली झाली, सकाळच्या मोटारीनं जाणार. मी पहिला तास सोडून मोटारस्टँडवर गेले. तो एका ट्रंकेवर बसला होता.

"सांगायला यायचं होतं," तो म्हणाला. "पाय निघाला नाही."

"का?"

"तुमच्याकडे पाहिलं की मला ते दार दिसतं. तुमचा दोष नाही काही. पण दिसतं."

मी घरून वाक्यं जुळवून आणली होती. एकाचाही उपयोग नव्हता.

"मलाही दिसतं," मी म्हटलं. "फळ्यावर लिहिताना, जेवताना. वाटतं, मी हात बदलला नसता तर..."

"मग तर झालंच. एकमेकांना किती दाखवत राहायचं?"

"दुसऱ्या कुणाकडे पाहिलं तर दिसायचं थांबेल?"

त्यानं विचार केला. तो नेहमीच विचार करून उत्तर द्यायचा. "नाही," म्हणाला.

"धारला कुणाला सांगाल मग? इथं निदान मला सांगावं लागत नाही."

क्लीनर मोटारीला हँडल मारत होता. इंजिन खोकलं, बंद पडलं, पुन्हा खोकलं.

"धारला मुलींची शाळा आहे?" मी विचारलं.

"आहे."

"विज्ञानाला कुणी आहे?"

"नाही. जागा रिकामी आहे. चौकशी केली मी."

बदली मागायला गेला, तिथं आधी कसली चौकशी केली, हे त्याच्याच तोंडून निसटलं होतं... आणि ते परत घेता येत नव्हतं.

"तात्या दिवाणखान्यात बसतात सकाळी," मी म्हटलं. "येऊन विचारा त्यांना. फार बोलत नाहीत ते. पण ऐकून घेतात."

"नाही म्हणाले तर?"

"मग मला विचारा."

इंजिन लागलं. त्यानं ट्रंक वर दिली, आत चढला, आणि खिडकीशी बसून माझ्याकडे पाहू लागला. त्याला काय दिसत होतं ते मला ठाऊक होतं. मोटार वळेपर्यंत मी तिथून हलले नाही.