लाल पाटीमागची चिमू

"पान उघडतच नाही, बाई! लोक माझ्या लेकीला बघणार कसे?"

चिमूच्या आईचा फोन आला तेव्हा तपास अधिकारी बाई शाळेच्या फाटकाशीच होत्या. चिमू तिथूनच नाहीशी झाली होती. तिचा फोटो आणि 'हिला कुठे पाहिलंत का?' एवढंच विचारणारं संकेतस्थळ तिच्या मामाने बनवलं होतं. बाईंनी ते उघडलं. पडदाभर लाल पाटी: धोका! पुढे जाऊ नका.

कोण जाणार पुढे?

त्यांनी पोलिसांच्या तंत्रज्ञाला विचारलं.

"पानात व्हायरस नाही," तो म्हणाला. "एक चाचणीची फाइल आहे. अँटीव्हायरस जागा आहे का, हे बघायला संगणकवाले वापरतात. निरुपद्रवी असते, पण ती दिसली की सगळे अँटीव्हायरस बोंब मारतात."

म्हणजे कुणीतरी मुद्दाम ठेवली होती.

मामा संगणक दुरुस्त करायचा, बहिणीच्याच घरी वरच्या खोलीत राहायचा. घरातल्या सगळ्या संगणकांवर त्यानेच एकच अँटीव्हायरस बसवला होता. बाई त्या घरी गेल्या तेव्हा खाली बहिणीच्या संगणकावर लाल पाटीच होती; मग त्या वर मामाच्या खोलीत गेल्या.

"साप सोडून भुई धोपटतोय हा मेला अँटीव्हायरस," मामा वैतागून म्हणाला. "कंपनीला कळवलंय मी."

"पान बदलायचा पासवर्ड कुणाकडे आहे?"

"कुणाकडे नाही ते विचारा! ताईने शेजाऱ्यांच्या ग्रुपवरच टाकला होता."

"तुम्ही पान बघता?"

"रोज." त्याने बटण दाबलं. पुढचे दात पडलेली चिमू पडद्यावर हसली. दारातली आई पुढे आली आणि तिने पडद्यावरच्या केसांवरून बोट फिरवलं.

बाई मात्र मामाकडे बघत होत्या.

"उठा जरा."

त्याच्या खुर्चीत बसून त्यांनी अँटीव्हायरसच्या सेटिंग्ज उघडल्या.

"खाली लाल पाटी, माझ्या फोनवर लाल पाटी. इथेच का नाही? कारण इथे तुम्ही या पानाला आणि त्याच्या फाइल्सना सूट दिलीय, तपासू नको म्हणून."

"पाटी यायला लागली म्हणून दिली. त्यात काय?"

"सूट पाटी दिसायच्या आदल्या दिवशीची आहे. ती फाइल पानावर चढवायची होती, पण तुमचाच अँटीव्हायरस ती पुसून टाकत होता. म्हणून आधी त्याला गप्प केलंत. शेजाऱ्यांपैकी कुणी फाइल चढवली असती, तर सूट त्याच्या संगणकावर दिसली असती. हा संगणक त्यांचा नाही."

मामा भिंतीला टेकून खाली बसला.

"पान बनव म्हणाली ताई. नाही कसं म्हणणार? पण फोटो बघून कुणाला तरी माझी गाडी आठवली असती…"

"कुठे होती गाडी?"

"उन्हात. शाळेतून आणताना मागच्या सीटवर झोपली ती. गिऱ्हाइकाचा फोन आला, मी काचा लावून गेलो. विसरलो, ताई. नुसता विसरलो गं. परत आलो तेव्हा…"

"आता ती कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"दाखवतो," तो पुटपुटला.

आई ओरडली नाही. त्याच्यापुढे जमिनीवर बसली, दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला.

"झोपेतच गेली ना रे? सांग मला. झोपेतच गेली ना?"

मामाने डोळे घट्ट मिटून घेतले.