सगळ्या पानांवरचं दार

आधीच्या माणसाने वेबसाइटची पार वाट लावून ठेवली होती. दादाच्या वृद्धाश्रमातल्या प्रत्येक खोलीचं वेगळं पान, आणि प्रत्येक पानात माथ्यावरची पट्टी, म्हणजे हेडर, नि मेनू पुन्हा पुन्हा चिकटवलेला. फोन नंबर बदलला की पानोपानी हात मारत बसा! त्याच्या धाकट्या बहिणीचं, धाकटीचं, टाळकंच सटकलं.

"आज एकच हेडर करते. सगळी पानं तिथूनच उचलतील."

"साइट बंद पाडू नकोस, बाई," दादा म्हणाला.

"पाडली तर नाव बदल माझं."

कोपऱ्यातल्या रिकाम्या खोलीच्या पानातला हेडर सगळ्यांत नीट लिहिलेला होता. तिने तोच साचा म्हणून घेतला, बाकीचे उडवले, फाइल साइटवर चढवली. मग दिसलं, मेनूच्या तळाशी एक जादा नाव होतं. 'मागचं दार.' आधी ते त्या एकाच पानावर होतं. आता सगळ्या पानांवर झालं. दाबलं तर कोरं पांढरं पान उघडलं. हेडर नाही, मेनू नाही, काहीच नाही.

"दादा, कोपऱ्यातल्या खोलीला मागून दार आहे?"

"आहे की. उघडलं की समोर भिंत. कुण्या शहाण्याने बसवलं, देव जाणे."

तेवढ्यात वहिनी तणतणत ऑफिसात आली. "अहो, सुतार कधी येऊन गेला? आजींच्या खोलीत दार बसवलंय. शेजारच्या मास्तरांच्याही."

"म्हातारी माणसं काहीही सांगतात."

"मी हात लावून आले! जुनाट लाकूड आहे. कडी झिजलीये."

दादा हसत हसत बघायला गेला. परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रंग नव्हता.

"बाबा खोलीत नाहीत."

त्यांचे वडीलही याच आश्रमात राहायचे; धाकटी त्यांच्या खोलीकडे धावली. बाबांच्या पलंगामागे, जिथे सकाळपर्यंत खुंटी होती, तिथे दार उघडं होतं. पलीकडे अंधारही नव्हता. नुसतं पांढरं. वास नाही, वारा नाही, जमीन कुठे सुरू होते तेही कळेना.

"बाबा!"

"होऽ!" लांबून, न्हाणीघरातून द्यावी तशी ओ आली. "बारके, परतीची वाट सापडेना गं."

दादाने पाऊल उचललं. तिने त्याची कॉलर धरून मागे खेचलं. "तुला शोधायला मग कोण जाणार? इथेच थांब. हाका मारत राहा."

ऑफिसात वहिनी कॉम्प्युटरपाशी रडकुंडीला आली होती. "काढून टाक ना मेनूतलं ते 'मागचं दार'!"

"दार गेलं आणि बाबा तिकडेच राहिले तर?"

वहिनीने डोळे पुसले. आजींना सांभाळते म्हणत निघून गेली.

धाकटीने दात आवळले. घाबरायला सवड नव्हती. त्या पांढऱ्या पानावरून परत यायला एकही दुवा नव्हता, एवढंच. मग द्यायचा. तिने त्या पानाला आपला नवा हेडर जोडला. पूर्ण मेनू, सगळ्या खोल्यांसकट. फाइल चढवली.

कॉरिडॉरच्या टोकाकडून दादा ओरडला, "आले! बाबा आले!"

तिने श्वास सोडला. ती जिंकली होती.

"अगं, बाबा इकडे आलेत," आजींच्या खोलीतून वहिनी म्हणाली.

वरच्या मजल्यावर नर्स हसली. "काका, तुम्ही वर कसे?"

मग मास्तरांचा आवाज. "अहो, ही माझी खोली."



धाकटी मेनूकडे बघत राहिली. सगळ्या खोल्या, ओळीने. प्रत्येकीत परतीची वाट.

"बारके?" कुठल्या खोलीतून, ते कळलं नाही. "मी कुठल्या खोलीत राहतो गं?"

"थांबा, बाबा," ती म्हणाली. "मी येते."

पण कॉरिडॉरमध्ये चपला वाजू लागल्या होत्या. जिन्यावरही. सगळ्या बाबांच्याच चालीने, डावा पाय जरासा फरपटत.